क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक : इलेक्ट्रॉनांची अतिशय बारीक शलाका (झोत) घन नमुन्याच्या पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरवून, प्रत्येक बिंदूपासून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या कमीजास्त संख्येवरून त्या पृष्ठभागाची विवर्धित (मोठी केलेली) प्रतिमा तयार करणारे उपकरण. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात शलाका नमुन्यातून आरपार जाते व त्यासाठी नमुन्याचा अत्यंत पातळ छेद घ्यावा लागतो. क्रमवीक्षण प्रकारात असा छेद लागत नाही. कापसाचा तंतू, केळीच्या पानाचा तुकडा, बेसाल्टाची कपची किंवा काचेवर बसविलेले ऑक्साइडाचे पटल यांचे पृष्ठभाग सरळ पाहता येतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना हे चारही पदार्थ परिचित असल्याने पुढील विवेचनात उदाहरणे त्यांतूनच घेतली आहेत.

तत्त्व : साध्या सूक्ष्मदर्शकात भिंगे प्रतिमा तयार करतात. येथे भिंगांचे काम केवळ शलाका बारीक करण्याचे असते. शेतात पाभर तासातासाने फिरावी तशी शलाका नमुन्याच्या एका लहान चौकटीवरून फिरते. फरक इतकाच की, एक तास संपल्यावर ती उलट न वळता पुन्हा पहिल्याच बाजूने सुरुवात करते. शलाका ज्या क्षणी ज्या बिंदूवर असेल, त्या क्षणी तेथून मिळालेल्या संकेताच्या तीव्रतेनुसार पडद्यावरील संगत बिंदू उजळ किंवा अंधुक होतो. म्हणून या उपकरणाने मिळणारे चित्र रूढ अर्थाने छायाचित्र नसून तो एका मोजमापाचा नकाशा असतो, ही गोष्ट प्रारंभीच लक्षात घेणे इष्ट आहे. विवर्धनही साध्या भागाकाराने मिळते. पडद्याची रुंदी २० सेंमी. असून नमुन्यावर शलाका २० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मीटरचा दहा लक्षांश) रुंदीत फिरत असेल, तर विवर्धन १०,००० पट होते. चौकट लहान केली की विवर्धन वाढते.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सु. ४०० ते ७०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मी.) असल्यामुळे नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाने सु. २०० नॅनोमीटरपेक्षा कमी अंतरावरील दोन बिंदू अलग दिसत नाहीत. २०,००० व्होल्ट विद्युत् दाबाने प्रवेगित केलेल्या इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी सु. ०·००८६ नॅनोमीटर असते. मात्र यावरून तितकाच सूक्ष्म तपशील दिसेल असे समजणे चूक आहे. येथील मर्यादा तरंगलांबीने नव्हे, तर शलाकेच्या टोकाची जाडी, चुंबकीय भिंगांचे दोष आणि नमुन्यात शिरल्यावर इलेक्ट्रॉन किती पसरतात यांवरून ठरते. उत्तम उपकरणात अनुकूल नमुन्यासाठी ही मर्यादा सु. १ नॅनोमीटरपर्यंत खाली येते.

नमुन्यावर आदळलेले इलेक्ट्रॉन आत शिरून थेंबाच्या आकाराच्या एका भागात विखुरतात. तेथून मुख्यतः तीन प्रकारचे संकेत मिळतात. पहिला, नमुन्यातील अणूंपासून सुटणारे मंद ‘द्वितीयक’ इलेक्ट्रॉन. त्यांची ऊर्जा ५० इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी असल्याने पृष्ठभागालगतच्या काही नॅनोमीटर थरातूनच ते बाहेर पडू शकतात. उतारावरून व कडांवरून ते अधिक संख्येने सुटतात; त्यामुळे कडा उजळ दिसतात आणि चित्राला उठाव येतो. दुसरा, अणुकेंद्राजवळून वळून परत फिरलेले मूळ शलाकेतील वेगवान इलेक्ट्रॉन. अणुक्रमांक जितका मोठा तितके ते अधिक परततात. म्हणून जड मूलद्रव्यांचा भाग उजळ दिसतो. तिसरा, क्ष-किरण. प्रत्येक मूलद्रव्याच्या क्ष-किरणांची ऊर्जा ठराविक असल्याने त्यांवरून नमुन्यात कोणती मूलद्रव्ये आहेत ते ओळखता येते. पण हे किरण एक मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीपासूनही येतात.

इतिहास : चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांवर भिंगाप्रमाणे कार्य करते, हे एच्. बुश यांनी १९२६ मध्ये दाखविले. एर्न्स्ट रुस्का व मॅक्स नोल यांनी १९३१ साली बर्लिन येथे पहिला पारगामी सूक्ष्मदर्शक तयार केला. या कार्याबद्दल रुस्का यांना १९८६ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. शलाका फिरवून पृष्ठभागाची प्रतिमा मिळविण्याचा प्रयोग नोल यांनी १९३५ मध्ये केला व मान्फ्रेट फोन आर्देन यांनी १९३७–३८ मध्ये शलाका अतिसूक्ष्म करून त्याला खरे सूक्ष्मदर्शकाचे रूप दिले. अमेरिकेत झ्वॉरिकिन व त्यांचे सहकारी यांनी १९४२ मध्ये बनविलेले उपकरण संकेत क्षीण असल्याने मागे पडले. केंब्रिज येथे चार्ल्स ओटली यांनी १९४८ पासून विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हा प्रश्न चिकाटीने हाताळला. एव्हरहार्ट व थॉर्नली यांनी १९६० मध्ये कार्यक्षम अभिज्ञातक (इलेक्ट्रॉन ओळखणारे साधन) तयार केल्यावर १९६५ मध्ये ‘स्टिरिओस्कॅन’ हे उपकरण बाजारात आले.

रचना : उंच धातवीय स्तंभाच्या माथ्यावर इलेक्ट्रॉनांचा उगम असतो. तो तापविलेल्या टंगस्टनाच्या तारेचा किंवा प्रबल विद्युत् क्षेत्राने इलेक्ट्रॉन खेचून घेता येईल अशा तीक्ष्ण टोकाचा असतो. दुसऱ्या प्रकारात शलाका अधिक बारीक व तेजस्वी होते. स्तंभातील चुंबकीय भिंगे शलाका एकवटतात व वेटोळी ती फिरवितात. तळाच्या कोठडीत नमुना असतो. हवेच्या रेणूंमुळे इलेक्ट्रॉन विखुरू नयेत म्हणून स्तंभ निर्वात ठेवतात. द्वितीयक इलेक्ट्रॉन धन विद्युत् दाबाच्या जाळीकडे खेचले जाऊन प्रस्फुरकावर आदळतात व तेथे निर्माण झालेल्या प्रकाशाचे प्रकाशगुणक नलिकेत विद्युत् संकेतात रूपांतर होते. अभिज्ञातक एका बाजूस असल्याने चित्र जणू त्याच बाजूने उजळलेले दिसते. चित्र उलटे धरल्यास डोळा फसतो आणि खळगे उंचवट्यांसारखे दिसू लागतात.

नमुना तयार करणे : निर्वातात पाणी टिकत नाही व विद्युत् संवाहक नसलेल्या नमुन्यावर विद्युत् भार साचून चित्र विकृत होते. या दोन अडचणींमुळे पाहण्यापूर्वीच नमुन्यात बदल करावा लागतो. करपा (सिगाटोका) रोगाने ग्रासलेले केळीचे पान पाहावयाचे असल्यास ते रसायनांनी स्थिर करून चढत्या प्रमाणातील अल्कोहॉलाने निर्जल करतात. नंतर द्रवरूप कार्बन डाय-ऑक्साइडात ठेवून सु. ३१° से. तापमान व ७३ वातावरण दाब यांपलीकडे नेतात. तेथे द्रव व वायू यांतील भेद नाहीसा होतो व पृष्ठताणाने पेशी न चुरडता पान सुकते. त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा लेप देतात. मग पर्णरंध्रांतून बाहेर आलेले कवकाचे बीजाणुधर स्पष्ट दिसतात. नुसते उन्हात वाळविलेले पान पाहिल्यास मात्र सुरकुतलेल्या पेशी दिसतील व त्या रोगाच्या खुणा समजल्या जाण्याचा धोका असतो. निर्वात कमी ठेवून ओलसर किंवा लेप न दिलेले नमुने पाहता येतील अशीही उपकरणे आता उपलब्ध आहेत.

उपयोग : जळगाव, अमळनेर व धुळे येथील कापडगिरण्यांमुळे एकेकाळी खानदेशात कापसाच्या प्रतीचा प्रश्न शेतकरी व गिरणी या दोघांच्याही जिव्हाळ्याचा होता, आजही तो कापसाच्या भावाशी निगडित आहे. कापसाचा तंतू ही सरकीच्या सालीवरील एकच लांबलेली पेशी असते. बोंड फुटल्यावर ती सुकून चपटी होते व तिला पीळ पडतात. भित्तीत सेल्युलोज पुरेसे साठले नसल्यास तंतू अपक्व राहतो. असे तंतू सहज गुंतून सुतात गाठी होतात व त्यांवर रंग फिका बसतो. क्रमवीक्षण सूक्ष्मदर्शकात पक्व तंतू घेवड्याच्या सुकलेल्या शेंगेसारखा भरीव व पीळदार, तर अपक्व तंतू पातळ फितीसारखा दिसतो. आडव्या छेदात भित्तीची जाडीही मोजता येते. तथापि एका सरकीवर हजारो तंतू असतात. दहा-वीस तंतूंच्या सुंदर चित्रांवरून एखाद्या गासडीचा दर्जा ठरविणे योग्य नव्हे. त्यासाठी तंतू १८% कॉस्टिक सोड्याच्या विद्रावात फुगवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली शेकड्यांनी मोजण्याची जुनी पद्धतच अधिक विश्वसनीय आहे. दोष कशामुळे उद्‌भवला याचा शोध घेताना मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला तोड नाही.

खानदेशातील दक्खन ट्रॅपच्या बेसाल्टाचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा परत फिरलेल्या इलेक्ट्रॉनांनी पाहिल्यास लोह व टिटॅनियमयुक्त खनिजे उजळ, पायरोक्सीन मध्यम करडे व प्लॅजिओक्लेज फेल्स्पार गडद दिसते. अशा खडकांच्या पोकळ्यांतील झिओलाइटांमधील पाणी निर्वातात निघून जात असल्याने ती हाताळताना विशेष काळजी घ्यावी लागते.

जळगाव येथे १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (२०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) स्थापन झाले. त्याच्या क्षेत्रात पदार्थविज्ञानातील संशोधनासाठी या सूक्ष्मदर्शकाचा विशेष वापर झाला आहे. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातील जस्त ऑक्साइड, कथिल ऑक्साइड इत्यादींच्या जाड पटलांच्या वायुसंवेदकांवरील संशोधन हे त्याचे ठळक उदाहरण होय. वायू पटलाच्या रंध्रांतून आत शिरून कणांच्या पृष्ठभागाशी विक्रिया करीत असल्याने कण किती बारीक व पटल किती सच्छिद्र आहे, यावर संवेदकाचा प्रतिसाद अवलंबून असतो आणि या दोन्ही गोष्टी सूक्ष्मदर्शकात प्रत्यक्ष दिसतात. येथे एक गल्लत वारंवार होते. क्ष-किरण विवर्तनाच्या रेषांच्या रुंदीवरून काढलेले स्फटिकाचे आकारमान आणि चित्रातील कणाचे आकारमान एकच नव्हेत. चित्रातील एक कण अनेक स्फटिकांचा पुंजका असू शकतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत म्हणून प्रयोग फसला असे होत नाही.

पुष्कळदा नमुना दुसऱ्या संस्थेकडे पाठवून चित्रे मागविली जातात. अशा वेळी प्रवेगक विद्युत् दाब, वापरलेला अभिज्ञातक व लेपाचा पदार्थ यांची नोंद मागून घ्यावी. पटल पातळ असल्यास क्ष-किरण आलेखात खालच्या काचेतील सिलिकॉन व कॅल्शियम यांच्याही रेषा येतात. तसेच सोन्याची एक रेषा गंधकाच्या रेषेजवळ असल्याने कॅडमियम सल्फाइडासारख्या पटलावर सोन्याऐवजी कार्बनाचा लेप देणे श्रेयस्कर असते. खडबडीत पृष्ठभागावरून काढलेल्या शेकडेवारीतील दशांश चिन्हापुढील आकड्यांना फारसा अर्थ नसतो. चित्राखाली नुसते ‘१०,००० पट’ असे छापणेही निरुपयोगी असते, कारण छपाईत चित्र लहानमोठे झाले की तो आकडा चुकतो. चित्रातच रेखलेली मायक्रोमीटरची मापरेषा मात्र चित्राबरोबरच लहानमोठी होते.