लहान मुलाला घेऊन परदेशातल्या मोठ्या शहरात जाताना: निघण्यापूर्वी काय ठरवून ठेवाल?

मुलगा किंवा मुलगी लंडन, न्यूयॉर्क, दुबई किंवा सिंगापूरला असते आणि दीड-दोन वर्षांच्या नातवंडाला घेऊन महिनाभर तिकडे जायचे ठरते. तिकिटे आणि व्हिसा झाले की निघायच्या दोन दिवस आधी पालक दवाखान्यात येतात. "डॉक्टर, तिकडे लागतील ती औषधे लिहून द्या" एवढीच त्यांची मागणी असते.

अशा शहरांमध्ये तुमच्या मुलाला एखादा अनोळखी आजार होण्याची शक्यता कमी असते. सर्दी, ताप, जुलाब, कानदुखी हेच त्रास तिथेही होतात. फरक एवढाच की तिथे नेहमीचे डॉक्टर नसतात, औषधाची बाटली वेगळी असते आणि तपासणाऱ्याला मुलाची काहीच माहिती नसते. त्यामुळे बरेचसे निर्णय घरून निघण्यापूर्वीच घ्यावे लागतात. ही माहिती साधारण एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आहे.

सहा आठवडे आधी: लसीकरण तपासा

लसीकरणाचे कार्ड घेऊन निदान सहा आठवडे आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. काही लसींच्या दोन डोसमध्ये चार आठवड्यांचे अंतर लागते आणि लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून एवढा वेळ हवा.

- गोवर: हा आजार फक्त आपल्याकडे राहिला आहे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत गेल्या तीन दशकांतली सर्वाधिक गोवर रुग्णसंख्या नोंदली गेली. विमानतळासारख्या गर्दीच्या जागी हा विषाणू सहज पसरतो. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात एमएमआर लस ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षे या वयात आहे. पुढचा डोस लवकर देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.
- सरकारी केंद्रात लसीकरण झाले असल्यास: तिथे गोवर-रुबेलाची लस मिळते. गालगुंड, कांजिण्या, इन्फ्लुएन्झा आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसी त्या वेळापत्रकात नाहीत. यांपैकी कोणत्या घ्यायच्या ते विचारून ठरवा.
- इन्फ्लुएन्झा: लंडन किंवा न्यूयॉर्कला हिवाळ्यात जाणार असाल तर ही लस जरूर घ्या. मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.
- पीतज्वर: नैरोबी किंवा लागोससारख्या शहरात जाणार असाल तर पीतज्वराची लस आणि तिचे प्रमाणपत्र लागते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते. ते नसेल तर भारतात परतताना विमानतळावर अडचण येते.

तापाचे औषध: चमच्यात नव्हे, मिलिग्रॅममध्ये लक्षात ठेवा

पालकांकडून सर्वाधिक चुका इथेच होतात. "आमच्या डॉक्टरांनी साडेसात मिली सांगितले आहे" हे वाक्य फक्त एका विशिष्ट बाटलीपुरते खरे असते.

पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस वजनानुसार ठरतो. दर किलोला १५ मिलिग्रॅम हा साधारण हिशेब आहे. मुलाचे वजन १२ किलो असेल तर एका वेळी १८० मिलिग्रॅम होतात. हे १८० मिलिग्रॅम वेगवेगळ्या बाटल्यांतून किती मिली होतात ते पाहा:

- ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले सिरप: ७.५ मिली
- ५ मिलीमध्ये १६० मिलिग्रॅम असलेले सिरप (अमेरिकेत हेच मिळते): सुमारे ५.५ मिली
- ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम असलेले सिरप: ३.६ मिली
- १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब: १.८ मिली

पहिल्या बाटलीचे साडेसात मिली तिसऱ्या बाटलीतून दिले तर मुलाला दुप्पट औषध जाते. असे वारंवार झाले तर यकृताला इजा होऊ शकते. म्हणून निघण्यापूर्वी मुलाचे वजन करा आणि डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. तिकडे नवी बाटली घेतली की लेबल वाचूनच मिली ठरवा. घरातला चमचा न वापरता मोजणीची सिरिंज वापरा. दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवा आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस देऊ नका. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात. ही दोन वेगळी औषधे समजून दोन्ही देऊ नका.

औषधांची पिशवी

पिशवी लहान असावी आणि ती हातातल्या सामानात असावी.

- पॅरासिटामॉल, मोजणीची सिरिंज, थर्मामीटर
- ओआरएसची पावडरची पाकिटे. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, लहान २०० मिलीसाठी. पाण्याचे प्रमाण बदलू नका. फळांच्या रसासारखी गोड पेये ओआरएसऐवजी चालत नाहीत.
- नाकात घालायचे सलाईनचे थेंब
- डायपर रॅशचे मलम, साधी पट्टी
- मुलाची नियमित औषधे (उदाहरणार्थ दम्याचा पंप आणि स्पेसर) पूर्ण मुक्कामापुरती, मूळ वेष्टनात

खोकल्याची सिरपे घेऊ नका. दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नयेत आणि साधारण पाच वर्षांपर्यंत ती टाळावीत, असा सल्ला केंद्रीय आरोग्य यंत्रणेने २०२५ मध्ये पुन्हा दिला आहे. अँटिबायोटिक "असू द्या सोबत" म्हणून घेऊ नका.

प्रत्येक औषधासोबत इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह लिहिलेले प्रिस्क्रिप्शन ठेवा. संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर आणि जपानमध्ये औषधांचे नियम कडक आहेत. स्वयंपाकघरातली एक गोष्टही लक्षात ठेवा. दुबई आणि सिंगापूरला खसखस नेण्यास बंदी आहे. मुलासाठी केलेल्या लाडवात किंवा मसाल्यात ती नाही ना, हे आजीला विचारून घ्या.

विमानात

कान: विमान खाली येऊ लागले की हवेचा दाब बदलतो आणि कान दुखतात. साधारण शेवटच्या अर्ध्या तासात मुलाला जागे ठेवा. पाणी, दूध किंवा स्तनपान द्या. गिळण्याच्या क्रियेने कानातला दाब मोकळा होतो. खूप सर्दी किंवा कानाचा संसर्ग असेल तर निघण्यापूर्वी कान तपासून घ्या.

झोप: मूल रडू नये म्हणून ॲलर्जीचे किंवा सर्दीचे औषध देऊन झोपवू नका. त्याने श्वासावर परिणाम होऊ शकतो आणि काही मुले उलट जास्त चिडचिडी होतात. जायफळ उगाळून देण्याचाही प्रयोग नको. तेही जास्त झाल्यास अपायकारक असते.

खाणे: शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न आणि अख्खी द्राक्षे देऊ नका. ती घशात अडकू शकतात, आणि विमानात दवाखाना जवळ नसतो.

तिथे पोहोचल्यावर

वेळेतला फरक: लंडन आपल्यापेक्षा साडेचार ते साडेपाच तास मागे आहे, न्यूयॉर्क साडेनऊ ते साडेदहा तास. शरीर रोज साधारण एक तास जुळवून घेते. म्हणून लंडनला पहिले चार-पाच दिवस मूल पहाटे तीनला उठून खेळू लागले तर तो आजार नाही. सकाळी त्याला उजेडात बाहेर न्या आणि दुपारची झोप फार लांबू देऊ नका. पहिल्या दोन दिवसांत फिरण्याचे मोठे बेत ठेवू नका.

घर: मूल ज्या खोलीत राहणार तिथे गुडघ्यांवर बसून एक फेरी मारा. खिडकी किती उघडते? तिच्याखाली सोफा किंवा खुर्ची आहे का? बाल्कनीत चढता येईल असे काही आहे का? चहाची गरम किटली हाताला लागते का? आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या उंच, बंद कपाटात ठेवा. उशाशी ठेवलेल्या पर्समधली एक-दोन गोळ्याही दोन वर्षांच्या मुलासाठी जीवघेणी ठरू शकते.

गाडी: ब्रिटन, अमेरिका आणि अमिरातीत लहान मुलाला कार सीट बंधनकारक आहे. लंडन आणि न्यूयॉर्कच्या टॅक्सींना कायद्यात सवलत आहे. पण अपघातात सवलतीचा उपयोग होत नाही. नातेवाईकांना आधीच सीटची सोय करायला सांगा. थंडीत फुगीर जाकीट घालून सीटचा पट्टा लावू नका, कारण तो सैल राहतो. आधी पट्टा लावा, मग वरून पांघरूण घाला.

गर्दी: मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर मुलाला उचलून घ्या आणि शक्यतो लिफ्ट वापरा. तिथला चालू असलेला मोबाइल नंबर मुलाच्या मनगटपट्टीवर लिहा. सकाळी बाहेर पडताना मुलाचा एक फोटो काढून ठेवा. मूल हरवले तर त्याने काय घातले होते, हे घाबरलेल्या पालकांना आठवत नाही.

ताप आल्यास: "आम्ही भारतातून आलो" हे आधी सांगा

ही गोष्ट फारसे कोणी सांगत नाही, पण ती महत्त्वाची आहे. तिकडे पोहोचल्यावर आलेला ताप बहुधा साध्या विषाणूचा असतो. पण डेंग्यू, मलेरिया किंवा टायफॉइडचा संसर्ग इथेच झालेला असू शकतो आणि ताप तिथे गेल्यावर येऊ शकतो. डेंग्यूचा ताप डास चावल्यानंतर साधारण ४ ते १० दिवसांनी येतो. मलेरिया आणि टायफॉइडला एक ते चार आठवडे लागू शकतात. व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया तर काही महिन्यांनीही होऊ शकतो.

लंडनमधल्या डॉक्टरांना खेळकर दिसणाऱ्या मुलात मलेरिया चटकन सुचेलच असे नाही. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा: "आम्ही अमुक तारखेला भारतातून आलो." पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच गेला असाल तर मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासणीबद्दल स्वतःहून विचारा. तोपर्यंत फक्त पॅरासिटामॉल द्या. तिकडे इबुप्रोफेन दुकानात सहज मिळते, पण डेंग्यूमध्ये त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. परत आल्यावर महिनाभरात ताप आला तर इथल्या डॉक्टरांनाही प्रवासाबद्दल सांगा.

ताबडतोब मदत केव्हा मागवावी?

- श्वास जोरात चालणे, बरगड्यांमध्ये खड्डे पडणे, ओठ निळसर होणे
- मूल सुस्त होणे, नीट जागे न होणे
- सहा ते आठ तास लघवी न होणे, पाणीही न टिकणे
- शौचात किंवा उलटीत रक्त
- काचेच्या ग्लासने दाबूनही नाहीसे न होणारे लाल-जांभळे डाग
- पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली किंवा पहिल्यांदाच आलेली आकडी. मुलाला कुशीवर वळवा आणि तोंडात काहीही घालू नका.
- ताप उतरला, पण पोटदुखी, सततच्या उलट्या किंवा मलूलपणा वाढला

आपत्कालीन क्रमांक फोनमध्ये साठवा: ब्रिटन ९९९, अमेरिका आणि कॅनडा ९११, सिंगापूरमध्ये रुग्णवाहिकेसाठी ९९५, अमिरातीत ९९८, युरोपीय संघातील देशांमध्ये ११२. इंग्लंडमध्ये तातडीचे नसेल तर १११ वर सल्ला मिळतो.

विमा: तिथल्या खर्चाचा अंदाज आपल्या हिशेबाने करू नका. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातल्या उपचारांचे पैसे पाहुण्यांकडून घेत नाहीत, पण मूल दाखल झाले की बिल सुरू होते. अमेरिकेत सुरुवातीपासूनच खर्च मोठा असतो. मुलाच्या नावाने विमा घ्या आणि दमा, आकडी, हृदयविकार यांपैकी काही असेल तर ते फॉर्ममध्ये लपवू नका. लपवल्यास दावा नाकारला जाऊ शकतो.

एक कागद तयार करा

हे सगळे लक्षात ठेवणे कठीण वाटत असेल तर एवढे एक काम नक्की करा. एका कागदावर इंग्रजीत पुढील गोष्टी लिहा:

- मुलाचे नाव, जन्मतारीख, तारखेसह वजन
- ॲलर्जी, जुने आजार, चालू औषधे
- झालेल्या लसी
- पॅरासिटामॉलचा डोस, मिलिग्रॅममध्ये
- भारतातून निघाल्याची तारीख
- तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा फोन, विम्याचा क्रमांक

एक प्रत पासपोर्टसोबत ठेवा, एक फोनमध्ये आणि एक आजी-आजोबांकडे द्या. रात्री दोन वाजता, अनोळखी शहरात, रडणारे मूल कडेवर असताना समोरच्या डॉक्टरांना हव्या असलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या कागदावर असतील.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. मूल मुदतीपूर्वी जन्मलेले असेल किंवा त्याला हृदय, फुप्फुसे वा प्रतिकारशक्तीचा आजार असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच तुमच्या डॉक्टरांशी बोला.*