एमिल आणि त्याची फौज

फ्रिट्झ लांग यांचा 'एम' 1931च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये झळकला. फुगा घेऊन देणाऱ्या खुन्याच्या मागे जाणारी त्यातली छोटी एल्सी म्हणजे इंगे लांडगुट. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती पुन्हा पडद्यावर आली. या वेळी गुन्हेगार पुढे पळत होता आणि मुलं त्याच्या मागावर होती. हा चित्रपट होता उफा कंपनीचा 'एमिल उंड डी डेटेक्टिव्हे'. एरिख केस्टनर यांची मूळ कादंबरी 1929ची. दिग्दर्शक गेऱ्हार्ट लाम्प्रेष्ट, आणि पटकथा पंचविशीतल्या बिली वाइल्डरची.

गोष्ट साधी आहे. विधवा आई लोकांचे केस धुऊन, विंचरून घर चालवते. तिने साठवलेले 140 मार्क घेऊन एमिल बर्लिनला आजीकडे निघतो आणि आगगाडीत ते चोरीला जातात. पोलिसांकडे जायची सोय नाही, कारण गावातल्या पुतळ्याची थट्टा केल्यामुळे आपणच पकडले जाऊ, ही भीती त्याच्या मनात आहे. कादंबरीत त्याला नुसती झोप लागते; चित्रपटात चोर त्याला गुंगीची गोळी खायला देतो आणि डबा वेडावाकडा होऊ लागतो. हा प्रसंग मूकपटांच्या मुशीतून आलेला आहे, आणि चोर झालेल्या फ्रिट्झ रास्प यांचा थंड चेहरा तो तोलून धरतो.

बोलपट तेव्हा कोवळा होता. बरेच निर्माते गाणी आणि संवाद ठासून भरत होते. लाम्प्रेष्ट यांनी आवाज कशासाठी वापरायचा ते ओळखलं. एमिलच्या मदतीला आलेला बर्लिनचा पोरगा गुस्टाव भोंगा वाजवतो आणि पोरं गोळा होतात. त्यांच्यातला छोटा डीन्स्टाग घरच्या टेलिफोनपाशी ठाण मांडतो. मोठ्यांच्या शहरात मुलं स्वतःची दळणवळण यंत्रणा उभी करतात, आणि ती आपल्याला ऐकू येते. खरे रस्ते, खऱ्या ट्राम. स्टुडिओतल्या बर्लिनला हा जिवंतपणा आला नसता.

केस्टनर मात्र पटकथेच्या आधीच्या मसुद्यावर भडकले होते. त्यात एमिललाच बारीकसारीक चोऱ्या करायला लावलं होतं. त्यांचा राग मला रास्त वाटतो. ज्या मुलाला आईच्या कष्टाच्या पैशाची किंमत कळते, तो दुसऱ्याची वस्तू उचलेल कसा?

पुढे 10 मे 1933 रोजी बर्लिनच्या चौकात केस्टनर यांची पुस्तकं जाळली गेली. ते स्वतः गर्दीत उभे होते. 'एमिल' तेवढा तेव्हा वाचला. वाइल्डर ज्यू, त्यांना देश सोडावा लागला. संगीतकार अ‍ॅलन ग्रे यांनाही. मुलांचं काय झालं, हे लिहिताना हात जड होतो. गुस्टाव झालेला हान्स योआखिम शाउफुस 1941मध्ये पूर्व आघाडीवर मारला गेला, पुढच्या वर्षी तिथेच डीन्स्टाग झालेला हान्स आल्ब्रेष्ट ल्योर. एमिल, म्हणजे रोल्फ वेंकहाउस, जानेवारी 1942मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ पाडलेल्या जर्मन लष्करी विमानात होता.

लहान मुलांचा सिनेमा म्हणून याला बाजूला ठेवू नका. आधी 'एम' पाहा, मग हा.