वाऱ्याचा जमाखर्च : लेखांक पाचवा – कवचातील पवनचक्की

इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीच्या पानमळ्यांत शेवरी-हादग्याच्या दाट आडोशाने वेलीला वाऱ्यापासून जपण्याची जी दक्षता घेतली जाते, ती पाहिली म्हणजे त्याच गावी वाऱ्यावर वीज काढण्याची दरखास्त काहीशी विपरीतच वाटते. तथापि रात्रीअपरात्री मोटार चालू करावयास जाणाऱ्या बागायतदाराला अशा दरखास्तीचा मोह पडावा, हे स्वाभाविक आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची शक्ती आठपट होते, हा नियम गेल्या लेखांकात पाहिला. पात्यांभोवती नरसाळ्यासारखे कवच बसवून वारा कोंडावा, त्याचा वेग वाढवावा आणि मंद वाऱ्याच्या मुलखातही भरघोस वीज मिळवावी, हा युक्तिवाद त्या नियमावरच उभा आहे.

परंतु वारा म्हणजे नीरा डाव्या कालव्याचे पाणी नव्हे. कालव्याला दोन्ही अंगांनी भराव असल्यामुळे दरवाजा अरुंद केला तरी पाण्याला तेथूनच जाणे भाग पडते. मोकळ्या रानातला वारा मात्र अडथळा येताच बाजूने निघून जातो. मागे रुंदावत जाणाऱ्या कवचाची गोष्ट निराळी. त्याच्या मागील तोंडाशी दाब उतरतो, पात्यांतून अधिक हवा ओढली जाते आणि वीज खरोखरच वाढते, हे कबूल केलेच पाहिजे.

मेख आहे ती हिशेबात. अडविलेल्या वाऱ्यातून ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती काढता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ साली सिद्ध केले. ही मर्यादा ओलांडल्याचा डांगोरा पिटणारे भाजक म्हणून केवळ पात्यांचे वर्तुळ धरतात. पाती २ मीटर व्यासाची आणि कवचाचे मागील तोंड ३ मीटरचे असेल, तर क्षेत्र सव्वादोनपट होते. त्या क्षेत्राने भागून पाहावे, म्हणजे चमत्कार बहुधा ओसरतो.

आता रोकड हिशेब. सेकंदाला ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात २ मीटर व्यासाच्या वर्तुळातून वाहणारी एकूण शक्ती सुमारे १२० वॉट, बेट्झच्या मर्यादेने ७१, आणि चांगल्या उघड्या चक्कीच्या पदरात जेमतेम ४०-४५. कवचाने ती दुप्पट केली असे उदारपणे धरले तरी ९० वॉट झाले; पाच अश्वशक्तीच्या मोटारीला लागतात ३,७०० वॉट!

न्यूझीलंडात १९९० नंतरच्या दशकात सात मीटरहून अधिक व्यासाच्या पात्यांची ‘व्होर्टेक ७’ ही कवचधारी चक्की उभी राहिली, पण तिच्याविषयीची भाकिते काही खरी ठरली नाहीत. साताऱ्याकडील वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर मात्र उघड्या तीन पात्यांच्याच चक्क्या फिरताना दिसतात, कारण एवढे अवजड कडे उभारण्यापेक्षा पाते लांबविणे स्वस्त पडते. शिवाय वैशाखातील वळवाची वावटळ आली असता लहान उघडी चक्की शेपटीच्या योगाने तोंड फिरवून घेते. कवच कोणीकडेही वळले तरी त्याचा घेर वाऱ्याला सामोरा राहतोच, आणि तो सारा रेटा मनोऱ्याला व पायाला सोसावा लागतो. त्या पायाचा खर्च दरपत्रकात कोठे मांडला आहे, हे इसारा देण्यापूर्वी पाहून घ्यावे.