झऱ्याकाठचा बीथोव्हेन

ऐकू कमी येऊ लागले, की माणूस प्रथम ते लपवतो. बोलणे अर्धवट कळले तरी मान डोलावतो आणि हळूहळू चारचौघांत बसणेच टाळू लागतो. ज्येष्ठांच्या घरी हे चित्र नवे नाही. जर्मनीतील बॉन येथे १७७० साली जन्मलेला थोर संगीतकार बीथोव्हेन यानेही हेच केले. तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता.

१८०२ च्या ऑक्टोबरात, व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट गावी, त्याने भावांना उद्देशून एक पत्र लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडले. शेजारच्या माणसाला दूरची बासरी ऐकू यावी, मेंढपाळाचे गाणे ऐकू यावे आणि आपल्याला मात्र काहीच नाही, या मानहानीने जीव नकोसा झाल्याचे त्यात लिहिले आहे.

हे पत्र ठाऊक असले, की त्याच्या नऊ सिम्फनींतील सहावी निराळीच भासते. सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची, बहुधा चार भागांची दीर्घ रचना. सहावीचे भाग पाच, विषय ग्रामीण निसर्गाचा. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात, कडाक्याच्या थंडीत, ती पाचवीसोबत एकाच मैफलीत प्रथम सादर झाली. पाचवीचे आरंभीचे चार स्वर जगभर गाजले; तरी नवख्या श्रोत्याने प्रारंभ सहावीपासून करावा, असे माझे मत आहे.

तोही दुसऱ्या भागापासून. सुमारे बारा मिनिटे झरा वाहत राहतो, तंतुवाद्यांची झुळझुळ थांबत नाही. विलंबित ख्यालाची सवय असलेल्या कानाला ही संथ गती परकी वाटणार नाही. अखेरीस तीन पक्षी बोलतात: बासरीवर नाइटिंगेल, ओबोवर लावा, क्लॅरिनेटवर कुक्कू. चौथ्या भागात वादळ एकदम गडगडते; सोबत बसणाऱ्याने तत्पूर्वी आवाज कमी करावा, दचकायला होते. वादळ ओसरल्यावर येते ते मेंढपाळाचे कृतज्ञतागीत. सहा वर्षांपूर्वी जे गाणे कानी पडले नव्हते, ते त्याने स्वतःच लिहून काढले, असे मला नेहमी वाटते.

वार्धक्यात बहुधा उंच पट्टीचे स्वर आधी हरपतात, म्हणून चेलो ऐकू येतो आणि बासरी निसटते. अनेक डिजिटल श्रवणयंत्रांत संगीतासाठी वेगळी योजना असते. श्रवणतज्ज्ञांना अवश्य विचारावे. बोलण्यासाठी बसवलेले यंत्र संगीत कर्कश करू शकते.

माझे सासरे दोन वर्षे यंत्र खणात ठेवून होते. आता रोज चहानंतर आम्ही दोघे झऱ्याकाठी बसतो. कुक्कू त्यांना स्वच्छ ऐकू येतो, लगेच बोट वर करतात. नाइटिंगेल येत नाही. “तो आला की सांग गं,” असे त्यांनी बजावले आहे. मी त्यांच्या मनगटावर हलकेच टिचकी मारते.