मनगटावरचा जुना सोबती

सोलापूर एकेकाळी कापडगिरण्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. गिरणीचा भोंगा वाजला, की कामगार लगबगीने घराबाहेर पडत. गावाला वेळ सांगणारा तोच जणू मोठा घड्याळजी! ज्याच्या मनगटावर स्वतःचे घड्याळ असे, त्याला त्याचा केवढा अभिमान वाटे! पुढे जुन्या गिरण्यांचे भोंगे मुके झाले. परंतु त्या काळची घड्याळे आजही कित्येक घरांच्या कपाटांत जपून ठेवलेली आढळतात.

यांतील अनेक घड्याळांचे जपानशी जवळचे नाते आहे. १९६१ साली हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळे तयार करण्यास प्रारंभ केला. 'जनता' हे तिचे साधे, टिकाऊ घड्याळ घरोघरी पोहोचले. २०१६ मध्ये हा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला. आज संग्राहक ही घड्याळे आणि सिटिझन, सेको यांची जुनी जपानी घड्याळे आवडीने शोधतात.

किल्लीच्या घड्याळात विजेचा घट नसतो. किल्ली दिली, की पोलादी स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना चक्रांना गती देते आणि तोलचक्र त्या गतीला शिस्त लावते. 'जनता' घड्याळात सेकंदाला ५, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके पडतात! एवढ्या श्रमाने चक्रांची टोके झिजू नयेत म्हणून ती १७ कृत्रिम माणकांच्या आधाराने फिरतात.

वर्षे लोटली, की आतील तेल सुकून चिकट होते व घड्याळ थांबते. मग जाणकार कारागीर डोळ्याला भिंग लावतो, चिमट्याने एकेक भाग अलग करतो, धुतो आणि सुईच्या टोकाएवढे तेल देऊन पुन्हा जुळवतो. थांबलेले तोलचक्र पुन्हा डोलू लागते, तेव्हा त्याच्या श्रमांचे चीज होते.

१९६९ साली सेको कंपनीने जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. अशी घड्याळे अधिक अचूक वेळ दाखवतात. मग जुन्यांचा एवढा सोस कशासाठी? कारण त्यांच्यात मानवी बुद्धीचे काम डोळ्यांनी पाहता येते आणि बिघडले तर हातांनी दुरुस्त करता येते.

मात्र या छंदात एक मोह टाळावा लागतो. काही विक्रेते जुनी तबकडी नव्याने रंगवतात, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र जोडतात आणि ते घड्याळ अस्सल म्हणून विकतात. जाणता संग्राहक अशा झगमगाटाला भुलत नाही. तो पाठीवरील क्रमांक तपासतो. जुन्या सेको घड्याळांच्या क्रमांकातील पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक सांगतो, तर दुसरे चिन्ह महिना दर्शवते. पिवळी पडलेली मूळ तबकडी त्याला नव्या रंगाहून मोलाची वाटते, कारण ती त्या घड्याळाची खरी साक्ष असते.

जुन्या वस्तूला तरुण करणे म्हणजे तिचा उद्धार नव्हे. तिचे वय न लपवता तिला पुन्हा कामास लावणे, हाच तिचा खरा सन्मान होय.