जीपचे पुढचे सांधे

ज्याचें आयुष्य संधि आणि समास शिकविण्यांत गेलें, त्यानें मोटारीच्या सांध्यांविषयीं लिहावें, याचें कित्येकांस हसूं येईल. परंतु गेल्या वैशाखांत घरच्या जुन्या जीपनें मला जो धडा दिला, तो अशी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

आमची जीप १९६८ सालची. अमेरिकेंतील विलीस जीपच्या नमुन्यावर मुंबईंत महिंद्र कंपनीनें बांधलेल्या गाड्यांपैकीं ती एक. थोरल्या बंधूंनीं ती शेतासाठीं घेतली. आतां पुतण्या ती चालवितो. वहिनी आणि दोन मुलें यांना घेऊन तो घाट उतरत असतां एका खड्ड्यावर पुढचीं चाकें अशीं थरथरूं लागलीं कीं, स्टिअरिंग हातांत राहीना. ब्रेक दाबतांच गाडी एका अंगाला ओढली गेली. दैव बलवत्तर म्हणून कोणास इजा झाली नाहीं.

घरीं सर्वांचें मत पडलें कीं, जीप विकून टाकावी. वहिनी मात्र म्हणाल्या, "विकायची तर विका, पण आधीं नीट करा. आपलीं मुलें वांचलीं, म्हणून दुसऱ्याचीं घाटांत घालायचीं काय?" यावर कोणापाशींहि उत्तर नव्हतें.

दोष कोठें होता तें समजण्यास त्या भागाची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. चारी चाकांना जोर देणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकाला दोन कामें असतात: फिरावयाचें आणि वळावयाचेंहि. म्हणून एक्सलच्या टोकाला एक पोकळ लोखंडी गोल असतो व त्याच्या आंतून चाकाला फिरविणारा दांडा सांध्यासह जातो. या गोलावर वाटीसारखी बसलेली नकल चाकाला धरून डावीउजवीकडे वळते. वर एक व खालीं एक अशा दोन किंगपिनांवर तिचा तोल असतो. प्रत्येक पिनेला निमुळत्या रुळांचें एक बेअरिंग. नकल आणि गोल यांच्यामधल्या फटीवर सील बसविलेलें असतें. तें आंतलें ग्रीस आंत आणि बाहेरचा चिखल बाहेर ठेवतें.

मिस्त्रींनीं पुढचा भाग उचलून भक्कम घोड्यांवर टेकविला; नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणी जाऊं नये. मग चाक वरखालीं धरून हालविलें, तों तें खडखडलें. मला ब्रेक दाबावयास सांगून त्यांनीं तें पुन्हां हालविलें. "मास्तर, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला असता तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. हा तसाच आहे. किंगपिन ढिल्या झाल्या आहेत."

उघडल्यावर त्यांचें म्हणणें खरें ठरलें. बेअरिंगच्या वाट्यांवर रुळांच्या ओळीनें खांचा पडल्या होत्या. हें बेअरिंग पुरा फेरा कधींच घेत नाहीं. सरळ रस्त्यावर रूळ वर्षानुवर्षें एकाच जागीं दणके सोशीत राहतात. एक्सलमधलें सीलहि गेलें होतें. त्यामुळें डिफरन्शियलचें तेल गोलांत आलें, ग्रीस पातळ झालें, आणि तें बाहेर झिरपून एका चाकाच्या ब्रेकपर्यंत पोंचलें. गाडी एकीकडे कां ओढली गेली, याचा उलगडा तेथें झाला.

दोन्ही बाजूंचीं बेअरिंगें, सर्व सीलें आणि तेलकट झालेले ब्रेकचे लायनर नवे घातले. गोलावर गंजाचे खड्डे होते. ते तसेच ठेवले तर नवें सीलहि लवकरच फाटेल, म्हणून ते धातूच्या लुकणानें भरून पॉलिशपेपरनें गुळगुळीत केले.

पुतण्या म्हणाला, "आतां आवळून टाका म्हणजे झालें." मिस्त्री हसले. किंगपिनच्या टोपीखालीं शिम नांवाच्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. त्या काढाव्यात तों नकल घट्ट होते, वाढवाव्यात तों सैल. सैल राहिली तर चाक थरथरतें. फार आवळली तर बेअरिंग लवकर खराब होतें आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाहीं. शिवाय वर आणि खालीं चकत्यांचा मेळ न राखल्यास दांडा गोलाच्या मध्यांतून सरकतो. म्हणून सील व दांडा बसविण्याआधीं नकलेला स्प्रिंगचा कांटा लावून ती वळवावयास किती ओढ लागते तें पाहिलें, आणि पुस्तकांत दिलेल्या मापाशीं जुळेपर्यंत चकत्या घातल्या-काढल्या. अर्धा दिवस यांतच गेला.

तो वेळ व्यर्थ गेला असें मला मुळींच वाटलें नाहीं. वर्गांतला धाक असाच मापानें ठेवावा लागतो, हें मला तीस वर्षांच्या नोकरींत हळूहळू कळलें होतें. मिस्त्रींनीं तें कांट्यावर मोजून दाखविलें.

वाचकांना इतकेंच सांगणें आहे कीं, चाकाच्या आंतल्या अंगाला तेलाचा ओघळ दिसला तर तो पुसून स्वस्थ बसूं नका. वेळीं बदललेलें एक साधें सील पुढचा सगळा अनर्थ टाळतें.

जीप तयार झाल्यावर प्रथम वहिनीच पुढें जाऊन बसल्या. घाट चढून उतरून आल्यावर त्या इतकेंच म्हणाल्या, "आतां विकायला हरकत नाहीं." त्यानंतर विक्रीची गोष्ट आमच्या घरांत कोणीं काढलेली नाहीं.