घर माझ्याकडे, नोकरी तिच्याकडे

शेतकऱ्याच्या घरात बाप तसा दिवसभर घरीच असतो. नोकरदारासारखा तो सकाळी डबा घेऊन गाव सोडत नाही. रान आणि घर यांत हाकेचे अंतर. तरीही पोरीला ताप आला तर त्याला ते कळते संध्याकाळी भाकरी खाताना, तेही कुणी सांगितले तर. घरात असणे वेगळे आणि घर अंगावर असणे वेगळे. गेली तीन वर्षे घर माझ्या अंगावर आहे, म्हणून हे चार शब्द.

आमचे गाव माण तालुक्यातले. पाच एकर रान. दीड एकर विहिरीखाली, बाकी पावसाच्या भरवशावर. खरिपाला बाजरी-मटकी, रब्बीला शाळू. सौ. आरोग्य सेविका आहे आणि तिचे उपकेंद्र बावीस किलोमीटरवर. धाकटी सहा महिन्यांची झाली आणि तिची बाळंतपणाची रजा संपली. थोरली तेव्हा तीन वर्षांची. आईचे गुडघे धरलेले. रांगत्या पोरीमागे धावणे तिच्याने होईना. हिशेब सरळ होता. पाऊस पडो न पडो, पगार महिन्याला येतो. शाळवाचे तसे नाही. रान वाट्याने आणि मजुरीने करता येते, पोरी वाट्याने देता येत नाहीत.

पोरी सांभाळायच्या म्हणजे काय, तर पहिली गोष्ट खाणे. आपल्याला दोन वेळच्या भाकरीची सवय. सहा महिन्यांच्या पुढच्या पोराचे पोट मुठीएवढे, त्याला थोडे थोडे पण वरचेवर लागते. आईचे दूध कामावर जाण्याआधी आणि आल्यावर. मधल्या वेळात नाचणीची पेज, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वर चमचाभर तेल किंवा तूप. रानात कितीही काम असो, अकरा वाजता बांधावर बसून खिचडी भरवायची.

वेणीचे मात्र भय वाटत होते. मग ध्यानात आले, चाबकाची तीन पेडी वादी मी लहानपणापासून विणतो आहे, हात तोच. फरक इतकाच की वादी "आई गं" म्हणून ओरडत नाही. तेल लावून, आधी टोकाकडचा गुंता सोडवून मग वर जावे, हे शेजारच्या काकूंनी दाखवले. उवांची फणीही त्यांनीच दिली.

दुसऱ्या उन्हाळ्यात धाकटीला जुलाब लागले. पहाटेपासून सात-आठ वेळा. सौ. रात्रीच एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलेली, फोन लागत नव्हता. ओट्यावर चार बायाबापडे जमले आणि जो तो सांगू लागला, "पाणी तोड, पाण्यानंच वाढतंय." हा समज आपल्याकडे अजून जात नाही आणि तो घातक आहे. जुलाबात पोर दगावते ते अंगातले पाणी संपल्यामुळे. क्षारसंजीवनीची पुडी घरात होती. ती पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पुरी टाकायची. पेल्यात चिमूटभर नव्हे. केलेले पाणी चोवीस तासांच्या आत वापरायचे, उरले तर टाकून द्यायचे. मी चमच्याचमच्याने पाजत राहिलो. ओकली की दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा सावकाश सुरू. तिचे डोळे खोल गेलेत का, रडताना पाणी येते का, लघवी होते का, एवढेच बघत होतो. पोर गळून गेले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले तर घरी एक क्षण थांबू नये, हे सौ. ने कधीचे बजावून ठेवलेले. मोटारसायकलवाला शेजारी दारात उभाच होता. दुपारी तिने लघवी केली, आणि वरण-भात दिसल्यावर हात पुढे केला. दवाखान्यातून जस्ताच्या गोळ्या आणल्या; जुलाब थांबले तरी त्या चौदा दिवस पुऱ्या द्यायच्या असतात. सौ. संध्याकाळी आली, तिने पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि चहा ठेवला.

एक गोष्ट बापाला आईपेक्षा लवकर दिसते असे मला वाटते, ती म्हणजे रानातला धोका. पोरी सोबत असल्या की तेच रान वेगळे दिसू लागते. आमच्या विहिरीला कठडा नव्हता. पहिल्याच महिन्यात कमरेइतका बांधून घेतला. कडबाकुट्टी पोरी झोपल्यावरच चालवायची. फवारणीचे औषध कुलपात, त्याच्या मूळ बाटलीतच. सरबताच्या बाटलीत कधी नाही. फवारून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पोर उचलायचे नाही, ती कितीही पायाला बिलगो.

लोक बोलतात. पारावर "बायकोच्या पगारावर बसलाय" हे ऐकून झाले. त्याचे फार वाटत नाही. दोन पोरी आणि दोन म्हशी सांभाळून बसायला मिळते कुठे? अंगणवाडीत लसीच्या दिवशी गेलो की बायका बोलणे थांबवत, पदर सावरत. आता "भावजी, तुमच्या धाकटीला गोवराची दुसरी सुई झाली का?" असे विचारतात. पण एक गंमत बघा. सौ. ला कामावर आजही कोणी ना कोणी विचारतेच, "पोरींना कुणावर टाकून आलात?" मी दिवसदिवस रानात असायचो तेव्हा मला हे कोणी एकदाही विचारले नव्हते.

तिसऱ्याचा विषय आईने काढला. दोन्ही पोरीच, वंशाला दिवा हवा. आमचा हा सातारा जिल्हा; इथेच २०११ साली 'नकोशी' नावाच्या २८० हून अधिक मुलींची नावे सरकारी समारंभात बदलावी लागली. आम्ही दोघांनी ठरवले आणि शस्त्रक्रिया मी करून घेतली. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया थोडक्या मिनिटांची, त्याच दिवशी घरी येता येते, फक्त काही दिवस जड ओझे उचलायचे नाही. पुढे तीन महिने मात्र दुसरे साधन वापरावेच लागते. ते न सांगितल्याने पुष्कळ घरांत घोटाळे होतात. आई आठ दिवस सुनेशी बोलली नाही, माझ्याशी बोलली. आता दोघी बोलतात. तो विषय सोडून.

खरे अवघड वेगळेच निघाले. धाकटी रात्री दचकून उठली की "पप्पा" म्हणते. पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा सौ. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सकाळी काही बोलली नाही. तेव्हापासून आम्ही एक रीत ठेवली आहे. ती घरी आल्यापासून पोरी झोपेपर्यंत पोरी तिच्या. मी धारा काढायला जातो, रात्रीची वीज असली तर पाणी धरायला. भरवण्यात, न्हाऊ घालण्यात मी तोंड घालायचे नाही, तिची तऱ्हा माझ्यापेक्षा निराळी असली तरी.

रविवारी वेण्याही तीच घालते. तिचा भांग सरळ येतो, माझा अजून वाकडा जातो. थोरलीने हे शाळेत बाईंना सांगितलेले आहे.